बोट का थांबली आणि टॉवर का उभा राहिला

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडममधली नदी 6 जुलै 2025 रोजी शेवटची वाहती होती. एरवी 'लिबर्टी बेल' ही वाफेवर चालणारी मोठी बोट अर्धी रिकामी निघायची. त्या दिवशी मात्र शेवटच्या फेरीसाठी लोक तासन्‌तास ताटकळले, काही जण रडलेही. दुसऱ्या दिवसापासून नदी, बोट आणि मधलं टॉम सॉयरचं बेट, तिन्ही कायमची बंद झाली. पुढे पाणी उपसून पात्र भरायला सुरुवात झाली. तिथे आता 'कार्स' या ॲनिमेशन चित्रपटमालिकेवर आधारित राइड येणार आहे, आणि मागच्या बाजूला डिस्नेच्या खलनायकांचं एक अख्खं नवं दालन.

त्याच्या सहा-सात महिने आधी, 17 डिसेंबर 2024 ला, तिथून लेगून म्हणजे खणलेल्या तळ्यापलीकडच्या पॉलिनेशियन रिसॉर्टमध्ये दहा मजल्यांचा नवा टॉवर उघडला होता. चाहत्यांच्या मनात या दोन गोष्टी एकमेकींना चिकटून बसल्या. खोल्या वाढताहेत आणि राइड जाताहेत, हे त्यांचं गाऱ्हाणं. बाहेरून पाहणाऱ्याला हे लाडावलेल्या लोकांचं रडगाणं वाटतं. मला तसं वाटत नाही. यामागे पैशाचं आणि रांगेचं एक पक्कं गणित आहे, आणि ते कळलं की भांडण कशावरून आहे तेही कळतं.

आधी माझा पक्ष सांगून टाकते. माझी आई भारतातून आली तेव्हा आम्ही तिला तिथे नेलं होतं. गुडघ्यांमुळे तिला फार चालवत नव्हतं, आणि अंधारात गरागरा फिरणाऱ्या राइड तिला नकोच होत्या. बोटीच्या वरच्या डेकवर, सावलीत, वारा खात ती सतरा-अठरा मिनिटं बसली. उतरल्यावर म्हणाली, "परत एकदा जाऊ या." दिवसभरात हे ती दुसऱ्या कशाबद्दलच म्हणाली नाही. त्यामुळे ही बोट गेल्याचं मला खरंच वाईट वाटलं आहे.

आता पैशाकडे येऊ. आपल्याकडच्या जत्रेत पाळणेवाल्याचा गल्ला वेगळा असतो आणि मौत का कुआँवाल्याचा वेगळा. ज्याचा पाळणा चालेल त्याला पैसे, आणि कुठला पाळणा लोकांना हवा आहे ते गल्ल्यावरून सरळ कळतं. डिस्नेची पार्कंही सुरुवातीची बरीच वर्षं अशीच चालायची. आत शिरायचे पैसे निराळे आणि राइडसाठी कुपनांचं पुस्तक निराळं. त्यात 'ए' ते 'ई' अशा श्रेणी होत्या; साध्यासुध्या गोष्टींना 'ए' आणि सगळ्यात भारी राइडला 'ई'. (अमेरिकेतले जुने लोक अजूनही एखाद्या थरारक गोष्टीला 'ई तिकीट' म्हणतात, ते यावरूनच.) 1982 मध्ये ही कुपनं गेली आणि एकच तिकीट आलं. एकदा दारात पैसे भरा, मग दिवसभर कशातही बसा.

पाहुण्यांची सोय झाली, पण हिशेबाच्या वहीत एक विचित्र गोष्ट घडली. कुठल्याही एका राइडचं स्वतःचं उत्पन्न असं काही उरलंच नाही. चालवायचा खर्च मात्र प्रत्येकीचा वेगळा मोजता येतो: कर्मचारी, वीज, रंगरंगोटी, सुटे भाग. लिबर्टी बेलला बॉयलर होता, खलाशी लागत होते, आणि पाण्याखालच्या रुळाची देखभाल करावी लागत होती. हो, ती रुळावरून चालायची, पण वाफेचं इंजिन आणि मागचं वल्ह्यांचं चाक अगदी खरं होतं. म्हणजे खर्चाच्या रकान्यात आकडा आणि उत्पन्नाच्या रकान्यात काहीच नाही. अशी ओळ दरवर्षी कुणाच्या तरी डोळ्यांत खुपणारच.

2021 मध्ये यात आणखी एक वळण आलं. रांगेतून पुढे जाण्याची सोय 1999 पासून फुकट होती. महासाथीत ती थांबली आणि परत आली ती पैसे घेऊन. आज तिचं नाव 'लाइटनिंग लेन' आहे. हे समजायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही. तिरुपतीला किंवा शिर्डीला सशुल्क दर्शनाची रांग असते, तसंच हे. या रांगेमुळे राइडला पुन्हा स्वतःचा गल्ला मिळाला. पण कुठल्या राइडला? जिथे आधीच लांब रांग आहे, तिला. जिथे रांगच लागत नाही, तिथे पुढे जाण्यासाठी कोण पैसे मोजेल? बोटीला रांग नव्हती आणि बेटावर तर नुसतं हुंदडायचं होतं. जी जागा लोकांना थांबायला लावत नाही ती हिशेबात निरुपयोगी ठरते. सगळ्या वादाचं मूळ माझ्या मते इथे आहे. बाकीचे मुद्दे याच्याच फांद्या आहेत.

दुसरं गणित रांगेचं. राइड चालवणारे लोक एका आकड्यावर जगतात: तासाला किती माणसं बसवून उतरवली. दर तीस सेकंदांनी वीस जणांची एक नाव सुटत असेल तर तासाला 2,400. दर मिनिटाला चार जणांची एक गाडी सुटत असेल तर फक्त 240. तुम्हाला किती वेळ उभं राहावं लागेल ते या आकड्याने ठरतं, नुसत्या रांगेच्या लांबीने नाही. रेल्वेच्या तिकीट खिडकीवर आपण नाही का, छोटी रांग सोडून भराभर हात चालणाऱ्या कारकुनाच्या खिडकीकडे जात? तेच. तासाला 2,400 माणसं नेणाऱ्या राइडसमोर सहाशे माणसं दिसली तरी पंधरा मिनिटांत तुमचा नंबर लागतो. 240 वाल्या राइडसमोर तेवढीच माणसं असतील तर अडीच तास.

'हाँटेड मॅन्शन' या भूतबंगल्याच्या राइडमध्ये काळ्या गाड्यांची साखळी न थांबता फिरत असते, म्हणून ती तासाला दोन हजारांहून जास्त माणसं सहज पोटात घेते. याउलट 1971 मध्ये सुरू झालेली पाणबुडीची राइड. ती पाणबुडी पूर्ण बुडत नव्हती. प्रवासी पाण्याच्या पातळीखाली बसून गोल खिडक्यांतून बाहेर पाहत. अरुंद जिन्याने माणसं चढवायची, त्याच जिन्याने उतरवायची, आणि 1.15 कोटी गॅलनचा तलाव स्वच्छ ठेवायचा. 1994 मध्ये ती बंद झाली. तलाव पुढची दहा वर्षं तसाच होता, 2004 मध्ये तो बुजवला. त्या जागेवर पुढे राजकन्या आणि सात बुटक्यांचा पसारा आला. तिथून जाताना खाली पाणी होतं हे आज कुणाला सांगूनही खरं वाटणार नाही.

राइड वाचवायला चाहते पहिल्यांदा उघडपणे उभे राहिले ते मिस्टर टोडसाठी. 1971 मधल्या पहिल्या दिवसापासूनची ही राइड. मोटार वेड्यासारखी हाकणारा एक बेडूक, आणि शेवटी आगगाडीला धडकून थेट नरकात. मुलांच्या राइडचा शेवट नरकात व्हावा, हा वेडेपणाच लोकांना आवडायचा. 1997 मध्ये ती बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा हिरवे टी-शर्ट घालून माणसं पार्कात जमली, रांगेत उभी राहिली, पुन्हा पुन्हा त्याच राइडमध्ये बसली. कंपनीला पोस्टकार्डं गेली. मोर्चा नाही, घोषणा नाहीत. तिकीट काढून आत यायचं आणि प्रेम दाखवायचं, एवढंच. उपयोग झाला नाही. 7 सप्टेंबर 1998 ला टोड गेला आणि पुढच्या वर्षी तिथे विनी द पू हे अस्वल आलं. पूची खेळणी आणि कपडे तेव्हा धडाक्यात खपत होते; टोडचा बाहुला कोण घेणार?

राइड बांधणाऱ्यांनी मात्र टोडला पुरतं हाकललं नाही. पूच्या राइडमध्ये भिंतीवर एक चित्र आहे: टोड घराची कागदपत्रं घुबडाच्या हाती देतो आहे. आणि हाँटेड मॅन्शनच्या बाहेर पाळीव प्राण्यांची खोटी दफनभूमी आहे, तिथे मागच्या कोपऱ्यात टोडचा छोटा पुतळा आहे. म्हणजे आतल्या माणसांनाही हळहळ होती. 'कंपनी' म्हणून आपण ज्याला बोल लावतो, त्यात चित्र काढणारा आणि हिशेब मांडणारा ही दोन वेगळी माणसं असतात.

आता खोल्यांकडे वळू. 1971 मध्ये पार्क उघडलं तेव्हा आत कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन अशी दोन हॉटेलं होती. 1984 मध्ये मायकेल आयस्नर कंपनीचे प्रमुख झाले, तोवर हॉटेलांची संख्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. लाखो लोक पार्कात येत आणि रात्री बाहेरच्या हॉटेलात जाऊन झोपत. ते पैसे दुसऱ्यांच्या खिशात जात. आयस्नर यांनी हे ओळखलं आणि पुढच्या दहा वर्षांत हॉटेलांची रांग लागली: 1988 मध्ये आलिशान ग्रँड फ्लोरिडियन, त्याच वर्षी मध्यम दराचं कॅरिबियन बीच, 1994 मध्ये स्वस्तातलं ऑल-स्टार. आज ही संख्या पंचविसाच्या पुढे आहे.

पण टॉवर का वाढतात, याचं खरं उत्तर 1991 मध्ये सुरू झालेल्या 'डिस्ने व्हेकेशन क्लब'मध्ये आहे. आपल्याकडे क्लब महिंद्राची 25 वर्षांची मेंबरशिप घेतलेलं एखादं घर तुमच्या ओळखीत असेलच. हा त्याच जातीचा प्रकार. तुम्ही पॉइंट विकत घेता; दरवर्षी तेवढे पॉइंट तुमच्या खात्यात पडतात आणि ते वापरून खोली मिळते. देखभालीचा खर्च दरवर्षी वेगळा भरायचा. हक्क कायमचा नसतो, त्याला शेवटची तारीख असते. सगळ्यात जुन्या ओल्ड की वेस्टच्या मूळ करारांची तारीख 31 जानेवारी 2042 आहे, आणि पॉलिनेशियनची 2066.

कंपनीच्या बाजूने पाहा. साधं हॉटेल बांधलं तर पैसे रात्रीमागे रात्र थेंबाथेंबाने येतात, आणि मंदी आली की खोल्या रिकाम्या. क्लबच्या टॉवरचे पैसे मात्र सुरुवातीलाच, ठोक येतात. पुढची देखभाल सभासदांच्या खर्चाने होते. आणि ज्याने चाळीस-पन्नास वर्षांचे पॉइंट घेतले तो दरवर्षी येणारच, सोबत पार्कची तिकिटं काढणारच. राइडचं याच्या उलट. नव्या राइडला बांधायला कित्येक वर्षं आणि शेकडो कोटी रुपयांच्या घरात जाणारा खर्च, आणि तिच्यामुळे नेमकी किती तिकिटं वाढली हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पॉलिनेशियनच्या टॉवरवर टीका झाली ती आधी रूपावरून. बाकीचं रिसॉर्ट दक्षिण समुद्रातल्या बेटांवरच्या लांबट, उतरत्या छपरांच्या घरांसारखं आहे, आणि त्याच्या शेजारी हा उंच, चौकोनी ठोकळा. मला ही टीका पटते. पण त्यात 260 हून अधिक खोल्या आहेत, आणि त्या घेणाऱ्यांत जुने चाहतेही आहेत. हे विसरून चालणार नाही. टॉवरला नावं ठेवणारा आणि त्याच टॉवरचे पॉइंट घेणारा माणूस कित्येकदा एकच असतो. त्याला ढोंगी म्हणायची घाई मी करणार नाही. आपण गावातल्या वाड्यासाठी हळहळतो आणि राहायला फ्लॅटमध्येच जातो ना?

आता दोन्ही गणितं एकत्र मांडू. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, पण हिशेबाची पद्धत बरोबर आहे. समजा 900 खोल्यांचं नवं रिसॉर्ट उभं राहिलं. खोलीमागे तीन माणसं, आणि खोल्या साधारण नव्वद टक्के भरलेल्या. झाली 2,400 माणसं. ती फ्लोरिडातल्या डिस्नेच्या चार पार्कांत सारखी वाटली तर एकेका पार्कात रोज सहाशे जास्त. प्रत्येकाला दिवसात आठ राइड हव्यात, म्हणजे 4,800 जागा. पार्क बारा तास उघडं असेल तर तासाला 400. थोडक्यात, या एका रिसॉर्टमुळे रांगा जराही वाढू नयेत असं वाटत असेल तर चारही पार्कांत प्रत्येकी तासाला 400 माणसं नेण्याची ताकद नव्याने वाढवावी लागेल. त्याऐवजी बोट आणि बेट काढून टाकलं तर तिथे पांगलेली माणसं उरलेल्या रांगांत येऊन उभी राहतात.

या हिशेबाला एक खरंखुरं उत्तर आहे, तेही सांगायला हवं. ऑर्लँडो आणि आसपास लाखाहून जास्त हॉटेल खोल्या आहेत. नव्या रिसॉर्टमध्ये राहणारा माणूस नाहीतर बाहेरच्या हॉटेलात राहून त्याच पार्कात आला असता. म्हणजे प्रत्येक नवी खोली म्हणजे नवी माणसं, असं नाही. बरीचशी फक्त जागा बदललेली असतात. हे खरं आहे. पण डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्याला पार्कात सकाळी अर्धा तास आधी सोडतात, आणि महागड्या रिसॉर्टवाल्यांना काही रात्री उशिरापर्यंत थांबता येतं. जागा बदलली की हक्क बदलतो. एका दिवसाचं तिकीट काढून लांबून आलेल्या कुटुंबाच्या वाट्याचा दिवस तेवढा आखडतो, आणि त्यांच्या बाजूने बोलायला कुणी नसतं.

हॉटेल म्हणजे हमखास फायदा, असंही नाही. मार्च 2022 मध्ये अंतराळयानाच्या धर्तीवर शंभर खोल्यांचं एक हॉटेल उघडलं. दोन रात्रींचा मुक्काम, दोघांना जवळपास पाच हजार डॉलर. दीड वर्षात, सप्टेंबर 2023 अखेर, ते बंद पडलं.

'बे लेक' या तळ्याच्या काठावरची गोष्ट तर या वादाचं जणू मूर्तिमंत रूप आहे. 1976 मध्ये तिथे 'रिव्हर कंट्री' नावाचं वॉटर पार्क सुरू झालं. गावाकडच्या डोहासारखं: वाळूचा तळ, दोरीवरून झोके घेऊन पाण्यात उड्या, आणि तळ्यातलंच पाणी गाळून आत घेतलेलं. पुढे कंपनीनेच दोन मोठी, चकचकीत वॉटर पार्कं काढली, आणि 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर पर्यटक आटले. त्या हंगामानंतर रिव्हर कंट्री उघडलंच नाही. घसरगुंड्यांवर वेली चढल्या, तलावात शेवाळ माजलं, आणि कित्येक वर्षं ते तसंच उभं होतं. मग त्या जागी क्लबचं रिसॉर्ट जाहीर झालं, जुने अवशेष पाडले गेले, 2020 मध्ये महासाथीने काम थांबलं. आता ते 'लेकशोर लॉज' या नावाने पुरं होत आहे, 2027 मध्ये उघडणार आहे आणि त्यात 900 पेक्षा जास्त खोल्या असतील. वरच्या हिशेबात मी 900 आकडा का घेतला ते आता लक्षात आलं असेल.

चाहत्यांचा सगळ्यात मोठा सवाल असतो: जागा एवढी आहे, मग नदीच का बुजवायची? 1960 च्या दशकात वॉल्ट डिस्ने यांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी गुपचूप जमीन घेतली ती याचसाठी की जागा कधी कमी पडू नये. आजही तिथे चाळीस चौरस मैलांच्या आसपास जमीन आहे. पण त्यातली बरीच दलदल आहे. फ्लोरिडात खणलं की लगेच पाणी लागतं. मॅजिक किंगडमखालचे कर्मचाऱ्यांचे बोगदे खरं तर जमिनीच्या पातळीवर बांधलेले आहेत आणि पाहुणे चालतात तो दुसरा मजला आहे. शेजारचा लेगून खणताना निघालेली माती त्याभोवती भरून ही उंची मिळवली. शिवाय दलदलीवर बांधायचं तर सरकारी परवाने लागतात आणि तेवढी पाणथळ जमीन दुसरीकडे राखून द्यावी लागते. 1992 मध्ये अशाच देवघेवीतून दक्षिणेला डिस्ने वाइल्डरनेस प्रिझर्व्ह हे मोठं राखीव रान झालं. नदीच्या जागेवर मात्र सगळं तयार असतं: भोवती रस्ते, जवळ वीज-पाणी, आणि पाहुण्यांना लांब चालायला लागत नाही. कंपनीची अडचण मला समजते. तरी बेट आणि पाणी पुरतं नाहीसं करण्याखेरीज मार्ग नव्हता, हे पटत नाही.

कारण दुसरा मार्ग कॅलिफोर्नियात घडलेला आहे. अनाहाइमचं मूळ डिस्नेलँड 1955 चं, आणि चारही बाजूंनी शहराने वेढलेलं. तिथे जागेची टंचाई कितीतरी जास्त. 2016 मध्ये स्टार वॉर्सच्या दालनासाठी तिथलीही नदी कापायची वेळ आली. त्यांनी ती आखूड केली, एका बाजूला नवे खडक आणि धबधबे केले, आणि दीड वर्षाने मार्क ट्वेन बोट पुन्हा सुरू झाली. ती आजही फिरते. टोडची राइडही तिथे आहे आणि पाणबुड्याही, नव्या कथेसह. मला यामागचं एक कारण दिसतं. अनाहाइमला येणारे बरेच जण आसपासचे, वर्षाचा पास काढून पुन्हा पुन्हा येणारे. फ्लोरिडाला येणारे बहुतेक लांबून, कित्येक तर आयुष्यात एकदाच. जो दर महिन्याला येतो त्याला काय नाहीसं झालं ते लगेच दिसतं आणि तो बोलतो. एकदाच येणाऱ्याला बोट होती हेच माहीत नसतं.

अनाहाइमलाही ठेचा लागल्याच. 2018 मध्ये 700 खोल्यांच्या हॉटेलसाठी तिथल्या बाजारपेठेतलं चित्रपटगृह आणि रेस्टॉरंटं बंद केली, आणि मग करसवलतीवरून शहराशी बिनसल्यावर हॉटेलच रद्द झालं. हॉटेलही नाही आणि आधीचं होतं तेही नाही.

सगळ्याच राइड पैशापायी जात नाहीत, हेही नमूद करते. एपकॉट या फ्लोरिडातल्याच डिस्नेच्या पार्कातली 'होरायझन्स' प्रायोजकाने हात काढून घेतल्यावर पोरकी झाली आणि 1999 मध्ये बंद झाली. 'स्प्लॅश माउंटन' जानेवारी 2023 मध्ये बंद झाली ती ती ज्या 1946 च्या चित्रपटावर बेतली होती त्यातल्या कृष्णवर्णीयांच्या चित्रणामुळे. त्या चित्रपटाची चकती वा कॅसेट कंपनीने अमेरिकेत कधीच विकली नाही. पाण्यात कोसळणारा तोच मार्ग ठेवून जून 2024 मध्ये टियाना या कृष्णवर्णीय नायिकेची राइड आली. तो बदल योग्य होता असं माझं मत आहे. ती राइड आवडणाऱ्यांचं दुःख खोटं होतं असं मात्र मी म्हणणार नाही.

यंदा किंवा पुढे कधी आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर एक सांगते. मॅजिक किंगडमच्या टुमॉरोलँडमध्ये 'पीपलमूव्हर' आहे, 1975 चा. उंचावरच्या मार्गावरून हळूहळू जाणारे छोटे डबे, विद्युतचुंबकांच्या बळावर सरकणारे. डब्यात स्वतःचं इंजिन नाही. कुठल्या चित्रपटाशी संबंध नाही, सशुल्क रांग नाही, तरी तो टिकला आहे, कारण थोड्या माणसांच्या बळावर तो खूप माणसं नेतो. वर जायला सरकती पट्टी आहे, आत सावली आणि वारा आहे, साधारण दहा मिनिटं बसायला मिळतं. गर्दी नसेल तर तिथे काम करणाऱ्या मुलांना सांगून बघा, कधीकधी ते उतरायला न लावता दुसरी फेरीही मारू देतात.